गुलबक्षीची वंशावळ

गुलबक्षीचे रोप पैसे मोजून घरी आणणारा माणूस सहसा भेटत नाही. शेजारच्या परसातून मूठभर काळ्या बिया येतात, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर नाहीतर कुंपणाच्या कडेला पडतात आणि पहिल्या पावसात उगवतात. वरचा पाला वाळून गेला तरी जमिनीतला गड्डा जिवंत राहतो, त्यामुळे पुढच्या वर्षी झाड पुन्हा हजर. फुले तिसऱ्या प्रहरानंतर उमलतात, रात्रभर दरवळतात आणि ऊन चढले की मिटतात. सकाळच्या पूजेला ताजे फूल मिळत नाही, म्हणून परडीतही तिला फारसा मान नाही. मुलींनी दोऱ्याविना तिची वेणी गुंफावी, मुलांनी फुलाची पिपाणी वाजवावी आणि साडीच्या दुकानात कुणी ‘गुलबक्षी रंग दाखवा’ म्हणावे, एवढाच तिचा बोलबाला.

विज्ञानाच्या इतिहासात मात्र या फुकट्या झाडाची वंशावळ मोठी आहे. गुलबक्षीत गडद गुलाबी, लाल, पिवळी, पांढरी, नारिंगी आणि दोन-तीन रंगांचे पट्टे असलेली अशी सगळी फुले सापडतात. या रंगांची झाडे शेजारी शेजारी लावून त्यांची उंची, पाने, जोम आणि संतती यांची तुलना करण्याचा उद्योग युरोपातल्या माणसांनी जवळजवळ दीडशे वर्षे केला. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याने शिकवले हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नियमांना साक्ष कुणी दिली आणि त्यांचे अपवाद कुणी दाखवले, असे विचारले तर दोन्ही वेळा गुलबक्षीचे नाव निघते.

याचे कारण तिच्या अंगच्या ठेवणीत आहे. संध्याकाळी एक फूल खुडून नीट पाहा. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच. गुलबक्षीला पाकळ्या नसतात. तिच्या संदलांचीच एकत्र जुळून लांब नळी झालेली असते आणि वरच्या टोकाला तुतारीसारखी फाकून रंगलेली असते. खाली जी हिरवी वाटी दिसते ती संदलांची नव्हे, छदांची. नळीतून सहसा पाच पुंकेसर आणि एक लांब कुक्षिवृंत बाहेर डोकावतात. परागकोश काळ्या कागदावर हलकेच झटकला तर पडलेले परागकण नुसत्या डोळ्यांना सुटे दिसतात, इतके ते मोठे असतात आणि संख्येने थोडे. शिवाय एका फुलाला एकच बी धरते. म्हणजे संकर करणाऱ्याला परागकण मोजून टाकता येतात, आणि कुठल्या फुलापासून कुठले रोप झाले याचा हिशेब चुकत नाही. प्रयोग करणाऱ्याला आणखी काय हवे?

हे झाड मूळचे अमेरिकेचे, मेक्सिको ते पेरूच्या टापूतले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांमार्फत ते युरोपात पोचले आणि ‘पेरूचा चमत्कार’ म्हणून बागाबागांत लागले. चमत्कार कसला, तर एकाच झाडावर निरनिराळ्या रंगांची फुले! १५९७ साली छापलेल्या जॉन जेरार्डच्या इंग्रजी वनस्पतिकोशात या फुलाचे वर्णन आहे. १७५३ मध्ये लिनियसने त्याला मिराबिलिस जलापा हे शास्त्रीय नाव दिले. त्यातले ‘जलापा’ गैरसमजुतीतून आले. जलाप नावाचे प्रसिद्ध रेचक याच्या गड्ड्यापासून होते असा त्या काळी समज होता. खरे जलाप मेक्सिकोतल्या एका वेगळ्याच वेलीचे, आणि ती वेल पडते रताळ्याच्या कुळातली. नाव मात्र कायम राहिले.

आपल्याकडे गुलबक्षी आली ती बहुधा मिरची, काजू आणि अननस ज्या समुद्रवाटेने आले त्याच वाटेने. सतराव्या शतकात ती मलबारात चांगली रुळलेली होती. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला, आणि त्यात ‘अंदि-मल्लेरी’ या मलबारी नावाने गुलबक्षी आहे. या ग्रंथाच्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. परदेशी फूल शंभर-दीडशे वर्षांत इतके अंगवळणी पडले की देशी झाडांच्या पंगतीत त्याला पान वाढले गेले.

तुलनेची खरी सुरुवात अठराव्या शतकात योसेफ कोलरॉयटर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केली. वनस्पतींना नर-मादी असते की नाही यावरच तेव्हा वाद चालू होते. कोलरॉयटरने तंबाखूपासून सुरुवात करून अनेक झाडांचे संकर केले आणि एका फळासाठी किती परागकण लागतात हेही मोजून पाहिले. गुलबक्षीच्या एका फुलात त्याला तीनशेच्या आसपास परागकण मिळाले, आणि बी धरायला त्यांतले दोन-तीन पुरेसे होतात असे त्याने नोंदले. नेहमीची गुलबक्षी आणि तिची लांब नळीची, पांढऱ्या फुलांची बहीण मिराबिलिस लाँगिफ्लोरा यांचाही त्याने संकर केला. साध्या गुलबक्षीवर लांब नळीवालीचे पराग टाकले की बी सहज धरे. उलट बाजूने मात्र आठ वर्षांत दोनशेहून अधिक वेळा प्रयत्न करूनही एकदाही यश आले नाही. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये ही हकिगत मुद्दाम दिली आहे. आई कोण आणि बाप कोण याने फरक पडतो, ही शंका गुलबक्षीच्या बाबतीत अशी पहिल्यापासूनच होती. तिचा उलगडा व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आंरी लकोक याने निरनिराळ्या रंगांच्या गुलबक्षीचे संकर केले. रंग एकमेकांत मिसळण्याऐवजी फुलांवर पट्टे उमटतात, काही फुले अर्धी एका रंगाची नि अर्धी दुसऱ्या रंगाची होतात, असे त्याला दिसले. पट्टेरी जातीच्या एकाच झाडावर कधी एखादी फांदी संपूर्ण एका रंगाची निघते, तर दुसरी संगमरवरी ठिपक्यांची. डार्विनने १८६८ च्या आपल्या पुस्तकात लकोकची ही निरीक्षणे नोंदवली. तेव्हाचा सर्वमान्य समज असा होता की आईबापांचे गुण संततीत दुधात केशर मिसळावे तसे मिसळून जातात. पट्टेरी गुलबक्षी या समजात बसत नव्हती. पण तिला बसवायला दुसरे घर तरी कुठे होते?

त्याच पुस्तकात डार्विनने पॅरिसच्या शार्ल नोदँचा एक प्रयोग दिला आहे. नोदँने गुलबक्षीची बारा फुले प्रत्येकी दोन परागकणांनी आणि सतरा फुले प्रत्येकी एका परागकणाने फळवून पाहिली. दोन्ही गटांत मिळून फक्त दोन बिया धरल्या, प्रत्येक गटात एक. त्या बियांची रोपे पुरती वाढली नाहीत आणि फुलेही बारीक आली. डार्विनला हा पुरावा मोलाचा वाटला. एका परागकणात पुरेसा ‘ऐवज’ नसतो, तो कमी पडला की रोप खुरटे राहते, असा त्याचा अर्थ होत होता. वाढीची तुलना अशी थेट आनुवंशिकतेच्या मुळाशी येऊन भिडली. कारण एका बीजासाठी बापाकडून अनेक कण लागत असतील, तर एका बापाकडून एका गुणाचा एकच वाटा येतो हे गणितच कोसळते.

ज्याचे गणित कोसळणार होते तो माणूस ब्रनोच्या मठात बसला होता. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६५ मध्ये वाचून झाला होता, १८६६ मध्ये छापून झाला होता, आणि कुणी त्याची दखल घेतली नव्हती. १८६८ पासून तो मठाधिपती होता आणि मठाचा कारभार मागे लागला होता, तरी त्याने नोदँचा प्रयोग स्वतः करून पाहिला. म्यूनिकचे प्राध्यापक कार्ल नेगेली यांना ३ जुलै १८७० रोजी लिहिलेल्या पत्रात त्याने निकाल कळवला. एकेका परागकणाने फळवलेल्या फुलांपासून त्याला चांगल्या भरलेल्या १८ बिया मिळाल्या, त्यांची १८ रोपे झाली आणि त्यांतली १० तोवर फुललीही होती. बहुतेक रोपे आपसूक फळलेल्या झाडांच्या रोपांइतकीच जोमदार होती. काही थोडी खुरटी राहिली, पण इतरांचे यश पाहता तो दोष कणांच्या संख्येचा नसून त्या त्या कणाचा असावा, असा त्याने निष्कर्ष काढला. त्याच पत्रात तो सांगतो की मका, मॅथिओला नावाचे फुलझाड आणि गुलबक्षी यांचे संकर वाटाण्याप्रमाणेच वागतात.

या १८ रोपांची किंमत फार मोठी आहे. जगभर गाजलेल्या डार्विनच्या पुस्तकातला पुरावा कुणालाही माहीत नसलेल्या एका धर्मगुरूने मठाच्या बागेत खोडून काढला, तोही काही फुले, थोडे परागकण आणि हिशेबाची वही एवढ्याच सामग्रीवर. पण पत्र ज्याच्या हाती गेले त्या नेगेलींना मेंडेलचे म्हणणे कधी पटले नाही. १८८४ मध्ये मेंडेल वारला.

पुढचा धागा मात्र नेगेलींच्याच घरातून निघाला. कार्ल कोरेन्स हा त्यांचा विद्यार्थी, आणि नेगेलींची भाची त्याला दिलेली. १९०० साली मेंडेलचे नियम ज्यांनी नव्याने उजेडात आणले त्यांत कोरेन्स होता. पुढे १९०५ मध्ये मेंडेलची नेगेलींना लिहिलेली पत्रे त्यानेच प्रसिद्ध केली. गुलबक्षीवरचे एकपरागी प्रयोग आपल्याला कळतात ते त्या पत्रांमुळे.

कोरेन्सने गुलबक्षी पुन्हा हाती घेतली. लाल फुलांच्या शुद्ध झाडाचा पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडाशी संकर केला. वाटाण्याच्या हिशेबाने पहिल्या पिढीत एका रंगाने दुसऱ्याला झाकून टाकायला हवे होते. तसे झाले नाही. सगळी झाडे गुलाबी फुलांची निघाली. गुण मिसळून जातात असे म्हणणाऱ्यांना आनंद व्हावा अशीच ही गोष्ट. पण कोरेन्सने गुलाबी झाडे आपसांत फळवली, तेव्हा पुढच्या पिढीत चारांत सरासरी एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरे असे झाड मिळाले. शुद्ध लाल आणि शुद्ध पांढरा रंग गुलाबीतून जसाच्या तसा परत आला, म्हणजे ते मिसळले नव्हते. नियम टिकला, फक्त एक गुण दुसऱ्याला नेहमी झाकतोच हा समज गेला. बारावीच्या जीवशास्त्रात ‘अपूर्ण प्रभाविता’ म्हणून मुले जो तक्ता पाठ करतात तो हा. परीक्षेत तो हमखास येतो. ते झाड आपल्याच परसात आहे हे मात्र बहुतेकांना कुणी सांगत नाही.

यानंतर कोरेन्सने फुलांकडून पानांकडे मोर्चा वळवला, आणि इथे वाढीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच्याकडे फिकट पानांच्या दोन तऱ्हा होत्या. एक पिवळसर हिरवी, जिला तो क्लोरिना म्हणे. तिच्यात हरितद्रव्य कमी होते, पण तिचा वारसा मेंडेलच्या नियमाने चाले. हिरव्या झाडाशी संकर केला की पहिली पिढी हिरवी, दुसऱ्या पिढीत पाव हिस्सा पुन्हा फिकट. दुसरी तऱ्हा पांढऱ्या ठिपक्यांची. तिच्या एकाच झाडावर काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही पूर्ण पांढऱ्या आणि काही ठिपकेदार असत. कोरेन्सने प्रत्येक प्रकारच्या फांदीवरची फुले तिन्ही प्रकारच्या फांद्यांच्या परागांनी फळवली. पराग कुठलाही असो, हिरव्या फांदीच्या बियांची रोपे हिरवी आणि पांढऱ्या फांदीची रोपे पांढरी निघाली. ठिपकेदार फांदीपासून तिन्ही प्रकारची मिळाली. पांढरी रोपे बीमधला साठा संपेपर्यंत जगत आणि मरत. स्वतःचे अन्न तयार करायला त्यांच्याजवळ हरितद्रव्यच नव्हते.

हा निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. बापाचा वाटा शून्य, सगळे आईकडून, असा वारसा यात पहिल्यांदा पद्धतशीरपणे दिसला. त्याच वर्षी एर्विन बाऊरने जिरॅनियमवरच्या कामातून यामागे हरितलवके, म्हणजे पेशीतले हरितद्रव्याचे कण, असावीत असे सुचवले. हरितलवके अंडपेशीतून पुढच्या पिढीत जातात, परागातून बहुधा जातच नाहीत. हरितलवकांत स्वतःचा डीएनए असतो हे सिद्ध व्हायला १९६० चे दशक उजाडले. वाटाण्याच्या नियमाला साक्ष देणाऱ्या झाडानेच त्या नियमाची हद्द आखून दिली. तीही एकाच माणसाच्या हातून, एकाच जातीच्या फिकट पानांच्या दोन तऱ्हा समोरासमोर ठेवून.

फुलांच्या रंगाचा उलगडा मात्र अजून बाकी होता. जास्वंदीचा किंवा गोकर्णाचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो ते गुलबक्षीत नसते. तिची रंगद्रव्ये बीटाची आहेत. त्यांना बीटालेन म्हणतात, आणि वनस्पतींत ती फक्त काही जवळच्या कुळांत सापडतात : बीट, लाल माठ, राजगिरा, निवडुंग आणि गुलबक्षीची सख्खी नातलग बोगनवेल. त्यांत दोन गट आहेत, पिवळा आणि जांभळट लाल. दोन्हींची सुरुवातीची वाट एकच. पुढे एक फाटा पिवळ्याकडे जातो, दुसरा लालकडे. लालकडची पायरी बंद पडली तर फूल पिवळे होते, दोन्ही द्रव्ये बनली तर लाल-नारिंगीच्या छटा येतात आणि काहीच बनले नाही तर फूल पांढरे राहते. म्हणून गुलबक्षीचे सगळे रंग एकाच जनुकाच्या हिशेबात बसत नाहीत. कोरेन्सचा लाल-पांढरा तक्ता खरा आहे, पण तो मोठ्या चित्राचा एक कोपरा आहे.

२००५ मध्ये स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की या फुलांतले पिवळे रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून हिरवट प्रकाश परत टाकते, आणि जिथे जांभळे द्रव्य असते तिथे तो प्रकाश गिळला जातो. त्यामुळे फुलावर माणसाच्या डोळ्याला न कळणारी एक नक्षी तयार होते. लकोकच्या पट्ट्यांचे गूढ २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी बरेचसे सोडवले. लाल रंगाच्या पायरीसाठी लागणाऱ्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसलेला असतो. तो जागेवर असेल तिथली पेशी पिवळी; तो निघून गेला की त्या पेशीपासून वाढलेला सगळा पट्टा लाल. बार्बरा मॅक्क्लिंटॉकने मक्याच्या दाण्यात ओळखलेली ‘उड्या मारणारी जनुके’ ती हीच, ज्यासाठी तिला १९८३ चे नोबेल मिळाले. लकोकच्या बागेत ती शंभर वर्षे आधीच डोळ्यांसमोर उड्या मारत होती.

आता परसातला प्रश्न : पिवळी गुलबक्षी उंच वाढते की गुलाबी? गुलाबीचा वास जास्त की पांढरीचा? परसात वर्षानुवर्षे गुलबक्षी पाहणाऱ्या माणसांची यावर ठाम मते असतात. गडद फुलांच्या झाडाच्या पेरांवर लालसर झाक अनेकदा दिसते आणि पांढऱ्या-पिवळ्या फुलांच्या झाडाचे खोड बहुधा निखळ हिरवे असते, कारण तेच रंगद्रव्य खोडातही उतरते. पण उंचीवर, पसाऱ्यावर आणि बियांच्या संख्येवर फुलाच्या रंगाहून माती, पाणी, ऊन आणि गड्ड्याचे वय यांचाच अंमल जास्त चालतो. जुन्या गड्ड्यातून उठलेले पिवळे झाड यंदाच्या बीतून आलेल्या गुलाबी झाडाला सहज मागे टाकते, आणि बघणारा त्याचे श्रेय रंगाला देऊन मोकळा होतो. वाढीवर थेट घाव घालणारा रंग गुलबक्षीत एकच, तो पानांचा. फुलाचा पांढरा रंग झाडाला काही करत नाही, पानाचा पांढरा रंग त्याला मारतो. नोदँ आणि मेंडेल यांनी एकच प्रयोग करून उलट निकाल काढले, यातही हाच धडा आहे : दोन रोपांवरून वाढीचा नियम सांगू नये, अठरा रोपे हवीत, आणि खुरट्यांची नोंदही वहीत हवी.

शाळेतल्या शिक्षकांना आणि गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. एका लाल आणि एका पांढऱ्या झाडाच्या बिया वेगवेगळ्या पुड्यांत जमवा. आधी एक पिढी त्यांचा रंग शुद्ध उतरतो का ते पाहा. फूल मिटताना पुंकेसर आणि कुक्षिवृंत गुंडाळले जाऊन फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून संकर करायचा असेल तर दुपारी कळी उमलण्याआधी पुंकेसर चिमट्याने काढा, संध्याकाळी दुसऱ्या झाडाचा पराग कुक्षीला लावा आणि रात्रीचे पतंग येऊ नयेत म्हणून फुलावर मलमलची पिशवी बांधा. प्रत्येक फुलाला दोऱ्याने खूण करा, कारण बी एकच मिळणार आहे. सगळी रोपे एकाच मातीत, एकाच उन्हात लावा आणि उंची एकाच दिवशी मोजा. बिया नि गड्डे विषारी असतात, तेवढे लहान मुलांना आधी बजावून ठेवा. पहिल्या पिढीची रोपे आपसांत फळू दिली की काही पावसाळ्यांत बारावीचा तक्ता तुमच्या कुंड्यांत उभा राहील. खर्च मलमलच्या पिशवीचा आणि वहीचा.